पंढरी आला की दार लावून घे

महिपतराव घोसाळकरांच्या ग्यारेजचं डावं दार दिवाळीनंतरच्या एका सकाळी वरच्या बिजागरीतून निखळलं आणि पेंगुळलेल्या माणसासारखं उजव्या दाराच्या खांद्यावर कललं. त्या दिवसापासून महिपतरावांची झोप उडाली. आता दार म्हणजे दार. सुताराला बोलवावं, दुरुस्त होत असेल तर करून घ्यावं, नाहीतर नवीन बसवावं. यात झोप उडण्यासारखं काय आहे? पण महिपतरावांच्या दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे तीस वर्षं रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केल्यामुळे कुठल्याही गोष्टीवर 'विचाराधीन' असा शेरा मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. दुसरी अडचण जास्त खरी होती. त्या ग्यारेजमध्ये मोटर नव्हती.

नव्हती म्हणजे कधीच नव्हती. डोंबिवलीत ठाकुर्लीच्या अंगाला असलेला हा बैठा बंगला कुणा गोऱ्या साहेबाचा. स्वातंत्र्य आलं तसा साहेब गेला, त्याची मोटरही गेली, आणि मागे राहिलेलं घर महिपतरावांनी निवृत्त होताना घेतलं. ग्यारेज घराबरोबर आलं, भाजीवर कोथिंबीर यावी तसं. आत साहेबाचा एक रबरी भोंगा तेवढा खुंटीला लटकत होता.

राहायला आले त्याच आठवड्यात आळीतले त्र्यंबकमास्तर भेटीला आले. मास्तरांना सगळ्या आळीची खबर असे, आणि नसली तर ते ती तयार करत. ग्यारेजच्या सागवानी दारांकडे पाहून ते म्हणाले, "ग्यारेज आहे म्हणजे मोटर असणारच. काय घोसाळकर?" त्या क्षणी महिपतरावांच्या तोंडात विडा होता, तोही नुकताच रंगलेला. ते "हूं" म्हणाले. या 'हूं'चा अर्थ 'कसली मोटर नि कसलं काय' असा होता, हे ते पुढे स्वतःला शपथेवर सांगत. पण पिंक टाकून येईपर्यंत मास्तर दोन घरं पुढे गेले होते आणि मोटर आळीभर पोचली होती.

उद्या खुलासा करू, असं त्यांनी ठरवलं. पण उद्या समोरच्या ठमाबाईने मोटरीला वाट हवी म्हणून रस्त्याकडेचा आपला गोवऱ्यांचा उडवा परसात हलवला. ठमाबाई म्हणजे इथली जुनी जमीनवाली. ती एरवी कलेक्टरसाठीसुद्धा गोवरी हलवायची नाही. परवा लोकांनी मिळून कोपऱ्यावरचा खड्डा खडी टाकून बुजवला. आणि गणपतीच्या सभेत सगळे जाजमावर बसलेले असताना महिपतरावांना खुर्ची आली. तीस वर्षं ते साहेबांच्या खुर्च्यांसमोर उभे राहिले होते. त्या खुर्चीत बसल्यावर त्यांना जे वाटलं, ते सोडवेना. साधी गोष्ट आहे, माणसाला मान आवडतो.

मग मोटर बाहेर का निघत नाही, याला कारण लागलं. "पार्ट विलायतेहून यायचाय," असं ते सांगत. ते जहाज चार वर्षं कुठल्या समुद्रात भरकटत होतं देव जाणे. दर दसऱ्याला ते ग्यारेजच्या दाराला झेंडूची माळ घालत, मागच्या बाजूच्या खिडकीतून हात घालत आणि भोंगा दाबत. पों! बाहेर उभी आळी हात जोडी.

त्यांची बायको आवडाबाई पहिल्या महिन्यात म्हणाली होती, "सांगून टाका की खरं." पुन्हा काही बोलली नाही. त्याच खिडकीतून हात घालून ती ग्यारेजमध्ये गोवऱ्या ठेवी आणि काढी. दुपारी ओट्यावर बसून तांदूळ निवडी. आळीतल्या बायका घोळक्याने बाजाराला जात, देवाला जात. ही ओट्यावरून त्यांना बघे. हिला घरात बसायची आवड आहे, असा महिपतरावांचा समज होता.

अशी चार वर्षं निर्वेध गेली आणि दार निखळलं. फटीत त्यांनी तातडीने गोणपाट कोंबलं आणि ठाकुर्लीहून पंढरी सुताराला बोलावलं.

पंढरी आला, दाराभोवती फिरला, उकिडवा बसून चौकटीच्या बुडाशी बोट खुपसलं. बोट आत गेलं. "वालवी," तो म्हणाला. "साहेब, दार उघडा. आतून बघतो."

"बाहेरूनच बघ."

"बाहेरून कसा बघू? बिजागऱ्या आतून हायेत."

"दार न उघडता दुरुस्त होणार नाही का?"

पंढरीने कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. "साहेब, पोट न उघडता आप्रेशन डॉक्टर पन नाय करत."

शेवटी इलाज उरला नाही. महिपतरावांनी त्याला मागच्या खिडकीशी नेलं आणि आत बघू दिलं. पंढरीने बराच वेळ पाहिलं. गोवऱ्या पाहिल्या, भोंगा पाहिला, पुन्हा गोवऱ्या पाहिल्या. मग हळूच विचारलं, "मोटर कुठं हाय?"

"नाही."

"मना दसऱ्याला आवाज आलेला."

महिपतरावांनी खिडकीतून हात घालून भोंगा दाबला. पंढरी खाली बसला आणि धोतराचा सोगा तोंडात कोंबून हसला. हसून झाल्यावर महिपतरावांनी त्याला एकवीरा आईची आन घातली, की हे कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. एकवीरेचं नाव निघताच पंढरीने डोळे पुसले आणि उभा राहून कानाच्या पाळीला हात लावला. "आईची आन. मान कापली तरी नाय बोलनार."

आता प्रश्न उरला, दुरुस्ती की नवीन? दुरुस्ती करायची तर दार दोन दिवस उतरवून ठेवावं लागणार, म्हणजे दोन दिवस ग्यारेज आ वासून उभं. नवीन करायचं तर पंढरी ते ठाकुर्लीला आपल्या अड्ड्यावर घडवून आणू शकत होता. मग उघडं राहणार ते फक्त चार तास. पण जुनी झडप साहेबाच्या वेळची सागवानी, नुसती बुडाशी खाल्लेली. ती मोडीत काढायला जीव होईना. महिपतरावांनी कागदावर मधोमध रेघ मारली, डावीकडे 'दुरुस्ती' लिहिलं, उजवीकडे 'नवे'. दोन्हीकडे मुद्दे लिहिले. संक्रांतीपर्यंत कागद भरला, तेव्हा त्यांनी दुसरा घेतला. आवडाबाईने एकदा जाता जाता म्हटलं, "काढून टाका ना दार. उघडं राहू दे." महिपतरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती दळण घेऊन आत गेली.

शेवटी वाळवीनेच निर्णय घेतला. उजवी चौकटही पोकळ वाजू लागली आणि महिपतराव नवीन दाराला राजी झाले. पण पुरते नव्हेत. दार नवीन, बिजागऱ्या जुन्याच. साहेबाच्या पितळी बिजागऱ्या, तशा आता मिळतात कुठे? पंढरी म्हणाला, स्क्रू गंजून बसलेत, जुनं दार अड्ड्यावर नेऊन तापवून काढावे लागतील, मग नव्या दारावर चढवून आणीन. दिवस ठरला महाशिवरात्रीचा. त्या दिवशी सगळी आळी सकाळच्या गाडीने अंबरनाथला जत्रेला जाई ती दिवस कलल्यावरच परते. आळीत महिपतराव आणि आवडाबाई सोडून चिटपाखरू नसे.

आदल्या संध्याकाळी बिजागऱ्यांवरून दोघांची जुंपली. "मोजून आठ नेशील, मोजून आठ आणशील," असं महिपतरावांनी दोनदा सांगितलं, आणि पंढरीला ते एकदाच लागलं. "मी चोर हाय काय?" तो ओरडला. महिपतरावही ओरडले. आत जाऊन ते आवडाबाईला म्हणाले, "या गड्यावर नजर ठेवायला हवी. घरात पाऊल टाकू द्यायचं नाही." रागाच्या भरात बोललं जातं ते. सकाळी दोघंही विसरले होते. आवडाबाई विसरली नव्हती.

शिवरात्रीला आळी रिकामी झाल्यावर पंढरी बैलगाडी घेऊन आला, जुनी दारं उतरवली, गाडीवर घातली. जाता जाता म्हणाला, "साहेब, कडी तुटकी हाय. तीच बसवू की नवी?"

पुन्हा तोच प्रश्न! पण या वेळी महिपतरावांनी विक्रमी वेगाने, म्हणजे पाऊण तासात निर्णय घेतला. ठाण्याच्या बाजारपेठेत जाऊन चांगली पितळी कडी आणायची. तोवर पंढरी गेलेला होता. त्यांनी डोक्यावर टोपी घातली, छत्री घेतली, आणि फाटकातून मागे वळून आत ओरडून सांगितलं, "मी ठाण्याला जाऊन येतो. पंढरी आला की दार लावून घे!"

"बरं," आतून आवडाबाई म्हणाली.

ठाण्याला कड्या पुष्कळ होत्या, आणि तीच अडचण झाली. सरळ की वाकडी, वाघाच्या तोंडाची की साधी, यात दुपार गेली. महिपतराव डोंबिवलीला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. आळीच्या तोंडाशी आले तर समोर ही गर्दी. सगळी आळी, जत्रेतल्या पिपाण्या-फुग्यांसकट, त्यांच्या फाटकाशी. आणि गर्दीच्या पलीकडे ग्यारेज, दाराशिवाय, सताड उघडं.

संपलं, महिपतरावांना वाटलं. चार वर्षांची खुर्ची आज गेली.

त्र्यंबकमास्तर धावत आले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी महिपतरावांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "घोसाळकर, धीर धरा. तुमची मोटर चोरीला गेली!"

महिपतरावांनी त्यांच्या खांद्यावरून उघड्या ग्यारेजकडे पाहिलं.

"दारांसकट नेली हो!" मास्तर म्हणाले. "हे बघा, चाकांच्या रेघा. आणि गडबडीत भोंगा तेवढा मागे राहिला. सगळा तपास केलाय मी. वहिनी म्हणतात, ते आल्यावर त्यांनाच विचारा."

खरं सांगायचं तर महिपतरावांना त्या क्षणी देव भेटला. मोटर गेली! आता पार्ट नको, खिडकी नको, दसऱ्याला भोंगा नको. मोटर नव्हती असं नाही, होती आणि गेली. मान मात्र जागच्या जागी. उलट सहानुभूतीची भर. त्यांनी मान खाली घातली आणि उपरण्याने डोळे टिपले. आश्चर्य म्हणजे डोळे खरोखरच ओले होते. चार वर्षांत त्या मोटरीवर त्यांचाही जीव जडला होता.

"काळजी नको," मास्तर म्हणाले. "चोर सापडलाय."

गर्दी दुभंगली. ठमाबाईचा मुलगा काळुराम पंढरीला दंडाला धरून पुढे घेऊन आला. पंढरीचा सदरा खांद्यावर फाटला होता. "ठाकुर्लीला उतरून येताना मी बघितला," काळुराम म्हणाला, "ह्याचे अड्ड्यावर साहेबांची दारं उभी. इचारला तं बोलत नाय."

"बोल की रे!" कुणीतरी ओरडलं. "मोटर कुठं लपवलीस?"

पंढरी खाली बघत होता. "मना आईची आन हाय," तो म्हणाला. "साहेबच सांगतील."

मास्तरांनी कागद-पेन्सिल काढली होती. "फिर्याद इथेच लिहून घेऊ, मग कल्याणला चौकीवर जाऊ. हं, सांगा घोसाळकर. मोटरीचा रंग?"

"काळा," महिपतरावांच्या तोंडून निघून गेलं.

"नंबर?"

पंढरीने मान वर केली. रागाने नव्हे, नुसतं पाहिलं. मान कापली तरी नाय बोलनार, असं हा माणूस म्हणाला होता, आणि इथे त्याचा सदरा फाटला तरी तो बोलला नव्हता. एका 'हूं'पायी उद्या हा कोठडीत बसेल, न चोरलेल्या, नसलेल्या मोटरीसाठी, आणि तिथेही बोलणार नाही. महिपतरावांना आयुष्यात प्रथमच कागदावर रेघ मारावीशी वाटली नाही.

"काळुराम, सोड त्याला," ते म्हणाले. "मोटर नव्हती."

"आज नव्हती?" मास्तरांनी विचारलं.

"कधीच नव्हती."

मास्तरांनी हलकेच मागे वळून सांगितलं, "पाणी आणा. धक्का बसलाय."

"धक्का नाही हो! मोटर नव्हतीच. साहेब घेऊन गेला. मी तुमच्याशी खोटं बोललो. बोललो म्हणजे बोललो नाही, माझ्या तोंडात पान होतं."

"मग भोंगा?"

"भोंगा होता."

एका पोराच्या हातातली पिपाणी तेवढी वाजली, आणि त्याच्या आईने ती काढून घेतली.

"मग दारं कशी गेली?" मास्तरांनी शेवटचा किल्ला लढवला. तेव्हा पंढरीची जीभ सुटली. दारं साहेबांनीच दिली, दुपारी तो नवीन दार गाडीवर घालून इथे आलेला, फाटकातून विचारलं, "बाय, दार लावू ना?" तर घराचं दार त्याच्या तोंडावर बंद झालं आणि आतून बाय म्हणाली, दार लावलंय. "मी बगतो तं ग्यारेजला दार नाय. म्हनलं, बाय, कुठं लावलंय? बाय म्हनते, लावलंय ना, आता तू जा. साहेबांनी सांगितलंय, पंढरी आला की दार लावून घे. मंग मी पन मानूस हाय. गेलो."

सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं. आवडाबाई दारात उभी होती. "असंच सांगितलंत ना तुम्ही?" ती नवऱ्याला म्हणाली. "पंढरी आला की दार लावून घे. मी लावलं. कडीसुद्धा घातली."

पहिल्यांदा पंढरी हसला. मग काळुराम, मग सगळी आळी. मास्तर हसले नाहीत. त्यांनी फिर्यादीचा कागद चार घड्या घालून खिशात टाकला आणि पुढचा महिनाभर ते महिपतरावांशी बोलले नाहीत, ते सोडा. लोक पोट धरून हसत होते आणि महिपतराव मधोमध उभे होते, हातात पितळी कडी घेऊन.

हसली नव्हती ती ठमाबाई. ती कमरेवर हात ठेवून ग्यारेजकडे बघत होती. "म्हंजे माजा उडवा मी फुकट हालवला," ती म्हणाली. महिपतरावांनी मान खाली घातली. पण ठमाबाई त्यांना ओलांडून सरळ ओट्याशी गेली. "आनि बाय, तू गो? चार वरसं झाली, तू आमच्यासंगती जत्रेला का नाय आलीस? आमी बोलायचो, ती कशाला चालंल आमच्याबरोबर, तिला दारात मोटर हाय."

"तुम्ही बोलावलंच नाहीत कधी," आवडाबाई म्हणाली. ती हे भांडायच्या आवाजात म्हणाली नाही. पण तिने पदर तोंडाशी नेला.

महिपतरावांनी ते ऐकलं. गर्दीच्या हसण्याने त्यांना काही झालं नव्हतं, याने झालं. खुर्ची त्यांना मिळाली होती, आणि तिचा पाय आवडाबाईच्या पदरावर होता, चार वर्षं. त्यांना तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण कसं बोलावं हे सुचेना, आणि कागद घ्यायची ही वेळ नव्हती.

"जत्रा उद्या पन हाय," ठमाबाई म्हणाली. "सकाली तयार ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी पंढरी उजाडताच नवीन दार घेऊन आला. बिजागऱ्या मोजून आठ होत्या. त्याने त्या महिपतरावांपुढे एकेक करून मोजल्या, आणि महिपतरावांनी त्या निमूटपणे मोजून घेतल्या, कारण तेवढी शिक्षा त्यांना मान्य होती. आत पेटीतून हिरवं लुगडं निघालं होतं, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचं. आवडाबाई ते नेसून दोनदा आरशासमोर गेली. रस्त्यावरून ठमाबाईची हाक आली आणि तिच्यामागे दहा-बारा बायकांचा गलका.

आवडाबाई वहाणा सरकवून लगबगीने ओट्याच्या पायऱ्या उतरली. फाटकापाशी तिने मागे वळून पाहिलं. चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"येते हं मी," ती म्हणाली. "दार लावून घ्या."

आणि गेलीसुद्धा. घोळका कोपऱ्यावर वळला. त्यात हिरवं लुगडं मधोमध होतं आणि कोणीतरी तिच्या खांद्यावर हात टाकला होता.

महिपतराव उंबऱ्यात उभे राहिले. या घरात आल्यापासून हे वाक्य रोज म्हटलं गेलं होतं, पण ते नेहमी त्यांनी जाताना म्हटलं होतं. तिने जाताना म्हटलेलं आज ते पहिल्यांदा ऐकत होते.

"साहेब," ग्यारेजकडून पंढरीने तोंडातले स्क्रू सावरत विचारलं, "लावू?"

"तुझं तू लाव," महिपतराव म्हणाले.

घराचं दार त्यांनी लावलं नाही. संध्याकाळी ती येईपर्यंत ते सताड उघडं ठेवून ओट्यावर बसून राहिले, आणि बसल्या बसल्या तिचं तांदळाचं सूप पुढे ओढून घेतलं.